सावडीत खुरपलेली ब्राह्मी

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, दुपारच्या आत, माझ्या भाचीचा ब्राह्मीचा वाफा मुळासकट खुरपून साफ करण्यात आला. वाफा सोनईजवळ माझ्या बहिणीच्या रानात, विहिरीच्या हौदाखाली होता. खुरपणाऱ्या बायका सातआठ होत्या. त्यांतली एक बहिणीची धाकटी जाऊ, बाकीच्या शेजारच्या रानांतल्या. कोणाचे कोणाशी वाकडे नव्हते. वाफा साफ करून देणे हे त्यांच्या दृष्टीने जास्तीचे काम होते आणि ते त्यांनी न सांगता केले होते.

बहीण त्या सकाळी घरी नव्हती. घोडेगावला तिच्या सासरच्या नात्यात दहावा होता. मी नगरला वर्तमानपत्रात काम करतो. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून गाडीवर तिला मीच नेले. मेहुणे ऊस घेऊन कारखान्यावर गेले होते. भाची नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची प्रात्यक्षिके चालू होती. हौदाखालच्या वाफ्यात काय आहे हे नीट माहीत असलेले कोणीही त्या सकाळी रानात नव्हते.

ब्राह्मी ही ओल्या जागी जमिनीलगत सरपटणारी लहान वनस्पती आहे. बाजारात याच नावाने गोल पानांची एक दुसरी वनस्पती विकतात. ही ती नव्हे. हिचा देठ मऊ, रसदार, आगकाडीएवढा जाड. प्रत्येक पेऱ्यावर समोरासमोर दोन पाने. पान बुडाशी निमुळते आणि टोकाशी गोल, लहान चमच्यासारखे. कडेला दाते नसतात. पालथे करून पाहिले तर त्यावर बारीक ठिपके दिसतात. पानाच्या बगलेतून एकेकटे फूल येते, पाच पाकळ्यांचे, पांढरे, जांभळट झाकेचे. पान चावले तर कडू लागते. जमिनीला टेकलेल्या जवळजवळ प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात. वेल मध्येच तुटला तर दोन्ही तुकडे आपापले जगतात. एका पेऱ्याचा तुकडा चिखलात पडला तरी तेवढ्यावर नवा वेल उभा राहतो. पाटाच्या कडेने ही वनस्पती आमच्या भागात पुष्कळ आहे. बायका तिला पाटाचं गवत म्हणतात आणि कांद्यात शिरू देत नाहीत.

भाचीने ती तीन ठिकाणांहून आणली होती. एक घरच्या पाटावरची. दुसरी राहुरीकडून, मुळा धरणाच्या खालच्या बाजूच्या पाझरातली. तिसरी घोडेगावच्या अलीकडे रस्त्याकडेला असलेल्या एका चरीतली. ही चर चोपण, खारवट जमिनीतून येत असे. तिच्या काठावर उन्हाळ्यात मिठासारखा पांढरा थर धरायचा. तिथल्या ब्राह्मीची पाने बारीक, जाड, फुगीर होती आणि पेरी जवळजवळ होती. पाझरातली ब्राह्मी याच्या उलट: लांब, सडपातळ, पाने पातळ. हा फरक वनस्पतीत जन्मतः आहे की पाण्यामुळे आला आहे, हा तिच्या प्रकल्पाचा प्रश्न होता. उत्तर काढण्याची रीत साधी होती. तिन्ही एकाच मातीत शेजारीशेजारी लावायच्या, एकच पाणी द्यायचे आणि पाहत राहायचे.

हौदाचे सांडलेले पाणी जिथे जिरते तिथे तिने तीन पट्टे पाडले होते. मध्ये विटा उभ्या रोवून वेल एकमेकांत जाऊ नयेत अशी सोय केली होती. दर आठवड्याला घरी आली की ती कडेला आलेले शेंडे खुडत असे आणि पानांची जाडी मोजत असे. रंगाच्या रिकाम्या डब्याचे पांढरे प्लास्टिक कापून केलेल्या पाट्या पट्ट्यापट्ट्यात खोचलेल्या होत्या. त्यांवर आकडे होते, नावे नव्हती.

डिसेंबरात रस्ता रुंद करताना चर बुजवली गेली. भाचीने तिथे जाऊन पाहिले. मुरूम पडला होता, त्यावरून रोलर फिरला होता. आसपासच्या चोपण रानांत शोधूनही तिला ती ब्राह्मी सापडली नाही. तेव्हापासून चरीतली ब्राह्मी, तिच्या माहितीप्रमाणे, फक्त हौदाखालच्या एका पट्ट्यात उरली होती. हे तिने घरात सगळ्यांना सांगितले होते. काकूला, म्हणजे बहिणीच्या जावेला, सांगितले होते की नाही, याबद्दल नंतर दोघींचे म्हणणे जुळले नाही. जाऊ शेजारच्या वेगळ्या घरात राहते.

कांद्याच्या खुरपणीला आमच्याकडे बायका सावड करतात. आज सगळ्यांनी एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या. मजुरी द्यायची नसते, दिवस फेडायचा असतो. सावडीत एक पाळलेली गोष्ट आहे. मालकीण हजर नसेल तर तिच्या रानात तणाची जागा ठेवून उठायचे नाही. तसे उठले तर पुढे वर्षभर ऐकावे लागते. त्या सकाळी कांदा लवकर उरकला. ऊन अजून चढायचे होते. हौदाखाली हिरवेगार माजलेले दिसले. सावडीतल्या सगळ्यांत वयस्कर बाईने, जिला सगळ्या आत्याबाई म्हणतात, पाटाचं गवत रानाच्या तोंडाशी ठेवणं बरं नाही असे सांगितले. विळे-खुरपी तिकडे वळली.

आम्ही परतलो तेव्हा बायका हौदावर हातपाय धूत होत्या. जाऊ हसतच पुढे आली.

"ताई, पोरीचा वाफाबी काढून दिला बगा. गवतानं लई माजला हुता."

दहाव्याहून आल्यावर आंघोळीआधी कशाला शिवायचे नसते. बहीण सरळ हौदाखाली गेली. मागून दोघीतिघींनी तिला आधी आंघोळ करून घ्यायला सांगितले. ती वाफ्याजवळ उभी राहिली. तिथे काळा ओला चिखल होता, नीट सपाट केलेला. एक काडी राहिली नव्हती. विटा उपटून हौदाच्या भिंतीला रचून ठेवल्या होत्या. बहिणीच्या हातात दहाव्याची पिशवी होती. ती तिने चिखलात ठेवली. तिच्या हे लक्षात आले नसावे, कारण नंतर ती पिशवी शोधत होती.

"कुठं टाकलं?" तिने विचारले.

"बांधावर. पाटीभर म्हशीला घातलं."

बहिणीने काय ते सांगितले. ती मोठ्याने बोलली नाही. हे गवत नव्हते, पोरीचा अभ्यास होता, यावर तिचे वर्ष होते आणि यातली एक जात आता दुसरीकडे कुठे नव्हती. बायका ऐकत राहिल्या. कोणी हातातले खुरपे खाली ठेवले नाही. जाऊ हौदाच्या काठावर बसली. ही ब्राह्मी आहे आणि ती बुद्धीला चांगली म्हणतात, एवढेच त्यातले एका तरुण बाईला ओळखीचे वाटले.

"मंग म्हशीलाच परीक्षेला बसवा आता," ती म्हणाली.

कोणी हसले नाही. मग तीच सगळ्यांत आधी बांधाकडे पळाली.

पुढचे काम फार वेगाने झाले. म्हशीपुढून उरलेले ओढून काढले. बांधावरचा ढीग टोपल्यांत भरून आणला. ऊन लागून शेंडे मलूल झाले होते, पण देठ ओले होते. आत्याबाईंनी एक वेल हातात घेऊन पेऱ्यांची मुळे दाखवली आणि हे मरणार नाही असे सांगितले. ते बरोबर होते. वाफ्यात पाणी सोडले. बायका कांद्याची रोपे लावतात तशा ओळीने वाकल्या. रोप लावायच्या आधी त्याचा शेंडा छाटतात, म्हणजे ते लवकर धरते. त्या हिशेबाने त्यांनी लांब वेल तोडून वीतवीतभर काड्या केल्या आणि चार बोटांच्या अंतराने चिखलात दाबल्या. लागण सरळ रेषेत होती. दुपार कलायच्या आत वाफा पुन्हा भरला. जाऊ काठावरून उतरून वाफ्यात वाकली, ती शेवटपर्यंत उठली नाही. तिने एकटीने दोन ओळी लावल्या. त्यांतली काडी न् काडी सरळ होती.

भाचीला फोन करायचा नाही असे बहिणीने ठरवले. दुसऱ्या दिवशी तिचे प्रात्यक्षिक होते. शनिवारी ती येईल तोवर काड्या धरतील, मग सांगू, असे तिने मला सांगितले. संध्याकाळी जाऊने चिखलात, विटांच्या मागे, म्हशीच्या गव्हाणीत शोधून प्लास्टिकच्या सगळ्या पाट्या गोळा केल्या.

शनिवारी मी पुन्हा गेलो. भाची माझ्याच गाडीवर मागे बसून आली. वाटेत मी तिला काही सांगितले नाही. ते तिच्या आईने सांगायचे ठरले होते. घरी पोचताच ती पाणीसुद्धा न पिता नेहमीप्रमाणे हौदाकडे निघाली. बहीण चुलीवरून उठेपर्यंत ती तिथे पोचली होती.

काड्यांनी धरले होते. बहुतेक प्रत्येकीला टोकाशी दोन नवी पाने आली होती. वाफा हिरवा होता, स्वच्छ होता, एकही दुसरे तण नव्हते. भाची त्या ओळींकडे पाहत होती. तिने खाली बसून एक काडी न उपटता बोटाने वळवून पाहिली, मग शेजारची, मग त्या पलीकडची. बहीण मागून येऊन सगळे सांगू लागली. मधेच भाचीने विचारले, विटा कुठे आहेत. मग विचारले, कोणती कुठली.

बहिणीला प्रश्न कळला नाही. तिने म्हटले, सगळी तीच आहेत, म्हशीने खाल्ली तेवढी सोडून एकही टाकली नाही.

"कोणती कुठली, आई?"

तेवढ्यात जाऊ तिच्या घराकडून आली. तिच्या हातात पाट्या होत्या. तिने त्या धुतल्या होत्या, आकड्यांवरचा चिखल काढला होता आणि दोऱ्यात ओवून गठ्ठा केला होता.

"एकबी हरवली न्हाई बग," ती म्हणाली.

भाचीने गठ्ठा घेतला. पाट्या एकामागून एक पाहिल्या. आकडे वाचता येत होते. ती त्या ओळींच्या कडेला, ओल्यातच बसली. जाऊने माझ्याकडे पाहिले. मी काय झाले ते तिला समजावून सांगू लागलो, तेव्हा भाची माझ्याकडे न पाहता म्हणाली:

"मामा, सगळं जगलंय. तेच तर झालं."

तिचे म्हणणे असे होते. वाफ्यातले वेल जागच्या जागी मेले असते आणि थोडे उरले असते, तर कुठल्या पट्ट्यात किती उरले हे कळले असते. आता तिन्ही ठिकाणच्या काड्या एकाच वाफ्यात एकत्र जिवंत होत्या. एकेका वेलाचे तीनचार तुकडे होऊन वेगवेगळ्या ओळींत गेले होते. चरीतली जाड पाने ओळखीची खूण होती. पण वाफ्यात आल्यावर, गेल्या महिन्यात, त्या ब्राह्मीची नवी पाने पातळ येऊ लागली होती आणि जुनी गळून गेली होती. हाच तर तिच्या प्रकल्पाचा पहिला चांगला निष्कर्ष होता. फरक पाण्याचा असावा, असे ती आठवड्यापूर्वीच मला आनंदाने सांगत होती. तो फरक गेला होता, म्हणून आता ओळखही गेली होती.

जाऊला हे कळायला वेळ लागला. कळल्यावर तिने तोंडाला पदर लावला. त्या रात्री ती जेवली नाही, असे तिच्या नवऱ्याने सकाळी सांगितले. भाचीने तिला दोष देणारा एकही शब्द काढला नाही. ती काकूशी बोललीच नाही.

रविवारी सकाळी आत्याबाई आल्या. कांद्याची चार जातींची रोपे मिसळली तरी हाताला कळतात, इतकी वर्षे त्यांनी लागण केली होती. त्यांनी एका ओळीतल्या काड्या हलक्या हाताने काढून देठाच्या रंगावरून तीन ढिगारे केले: तांबूस, हिरवट आणि मधला. भाचीने पाहिले. मग तिने ओळीत राहिलेली एक लांब काडी उपटून त्यांच्या हातात दिली. तिचे उन्हातले टोक तांबूस होते, चिखलाकडचे हिरवे. आत्याबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि तिन्ही ढिगारे परत एक केले.

"देवानंच एक केलंय, आमी काय निवडनार," त्या म्हणाल्या आणि ओळ पुन्हा लावून देऊन गेल्या.

फुलांचाही उपयोग झाला नाही. तिन्ही ठिकाणची फुले भाचीने आधी तपासली होती. पाकळ्या, झाक, केसर, सगळे सारखे होते. चरीतल्या ब्राह्मीचे वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने कॉलेजात होते. त्यांवरून पानाचा आकार कळत होता, पण जिवंत काड्यांत ते पान आता नव्हते. पेशीतल्या डीएनएवरून ओळख पटवणारी तपासणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत होते. तिच्या मार्गदर्शक बाईंनी चौकशी केली. ती तपासणी प्रकल्पाच्या मुदतीत होणार नव्हती.

एक वाट भाचीने स्वतः काढली. चरीतली वनस्पती खाऱ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली होती. सगळ्याच काड्यांना खारे पाणी दिले, तर चरीतल्या काड्या आधी जाड होतील किंवा एकट्याच जाड होतील आणि वेगळ्या काढता येतील, अशी तिची अटकळ होती. हे झाले तर चरीतली जात परत हातात येईल आणि पट्टे नव्याने पाडता येतील. मेहुण्यांनी पंधरावीस जुने डबे आणि फुटक्या बादल्या गोळा केल्या. प्रत्येकीत ओळीतल्या काही काड्या लावल्या. उरलेला वाफा तसाच गोड्या पाण्यावर ठेवला. मिठाचे प्रमाण भाचीने ठरवून दिले, पण तिला कॉलेजात परत जायचे होते.

रोज पाणी कोणी घालायचे हा प्रश्न आला. बहीण म्हणाली, मी घालीन. जाऊ दारात उभी होती. तिने भाचीला सांगितले की ते आपण घालणार, मीठ मोजायची वाटी तेवढी ठरवून दे. भाचीने काकूकडे त्या शनिवारनंतर पहिल्यांदा पाहिले. मग तिने स्वयंपाकघरातून एक लहान वाटी आणली आणि आत खिळ्याने खूण करून तिला दिली. त्यानंतर सावडीचे दिवस फेडायला जातानाही जाऊ आधी डब्यांना पाणी घालून मग जात असे. सावडीतल्या बायका येताजाता डब्यांत डोकावत. त्या तरुण बाईने एकदा विचारले, म्हशीचं दूध तरी हुशार निघालं का. या वेळी जाऊ हसली.

मार्चच्या शेवटी भाची घरी आली. मीही गेलो होतो. तिने डबे उन्हात एका रांगेत ठेवले आणि एकेक पान चिमटीत धरून मोजायला सुरुवात केली. जाऊ शेजारी बसली होती. पहिल्या डब्यातली पाने जाड, लहान, फुगीर झाली होती. पेरी जवळजवळ आली होती. चरीत होती तशीच ती दिसत होती. जाऊने मान वळवून माझ्याकडे पाहिले. दुसरा डबाही तसाच होता. तिसराही तसाच. पाचव्या डब्यानंतर भाचीचा हात थांबला. तिने उठून सगळ्या डब्यांवरून एकदा नजर फिरवली.

"सगळीच जाड झालीत," ती म्हणाली.

जाऊने विचारले, "मंग चरीतली कंची?"

भाचीने उरलेले डबेही मोजले. मोजताना ती आकडा मोठ्याने सांगत होती आणि मी लिहून घेत होतो. मेलेली एखादुसरी काडी सोडली तर एकही काडी वेगळी निघाली नाही. हौदाखालच्या वाफ्यातली पाने पातळ होती, तीही सगळीच.

मार्गदर्शक बाईंनी ही मोजमापे पाहिली. खाऱ्या पाण्याने पान जाड होते हे यातून दिसते, असे त्यांनी मान्य केले. तीन ठिकाणांची तुलना मात्र काढून टाकावी लागेल, कारण खुरपणीनंतरची कोणती काडी कोणत्या ठिकाणची याला आधार नाही, असे त्यांनी सांगितले. भाचीने प्रकल्पाचे शीर्षक बदलले, ते प्रकरण वगळले आणि मुदतीत प्रकल्प सादर केला. ती उत्तीर्ण झाली.

जुलैत ती आणि तिची काकू रस्त्यावरच्या त्या जागी जाऊन आल्या. दोघी गेल्याचे मला बहिणीने फोनवर सांगितले. डांबर पडले होते. बाजूच्या पाइपाच्या तोंडाशी पाणी साचले होते. त्यात त्यांना ब्राह्मी आढळली नाही.

हौदाखालचा वाफा आजही आहे. त्यातल्या काड्यांपैकी चरीतल्या कोणत्या, हे कळलेले नाही.